पाठ फिरली की काम का मंदावतं?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की, तुम्ही जागेवर नसताना तुमच्याकडचं काम कसं चालतं? पत्रं भरपूर आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी, धातू कातणारी मशीनं), दोन पाळ्या, अकरा माणसं. एका नेहमीच्या जॉबची, म्हणजे कातायच्या भागाची, सायकल ३ मिनिटं ३० सेकंदांची आहे, जॉब लावायला-काढायला ४० सेकंद. हिशोबाने एका मशीनवर पाळीला ११५ नग निघायला हवेत. मी शेडमध्ये उभा असलो की १०० निघतात, बाहेर पडलो की ७८. सुपरवायझर ठेवून पाहिला, फरक नाही. मुलं वाईट नाहीत, पण मालक दिसल्याशिवाय हात चालत नाही. काय करावं?
— लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : आधी ११५ हा आकडाच तपासू. ८ तास म्हणजे ४८० मिनिटं, त्याला ४ मिनिटं १० सेकंदांनी भागलं की ११५ येतात. म्हणजे त्यात जेवण नाही, चहा नाही, मशीन पुसणं नाही, जॉब मोजणंही नाही. जेवणाची ३० मिनिटं आणि दोन चहांची २० मिनिटं काढा, उरली ४३०. पाळीच्या सुरुवातीला मशीन गरम करणं आणि शेवटी चिप्स (धातूचा कीस) काढून साफसफाई, मिळून २० मिनिटं. मोजमाप, इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार बदलणं, ऑफसेट देणं (झीज भरून काढायला टूल किंचित सरकवणं) यांना आणखी २५. उरली ३८५ मिनिटं, म्हणजे ९२ नग. तुमच्या मशीनचा खरा आकडा हा आहे.

आता तुमच्याच पत्रातले दोन आकडे त्याच्या शेजारी ठेवा. तुम्ही उभे असता तेव्हा १०० निघतात, म्हणजे शक्य आहे त्यापेक्षा ८ जास्त. हे ८ कुठून येतात? चहा टाळून आणि बहुधा मोजणं टाळून. तुम्ही दिवसभर शेडमध्ये होतात त्या तारखांचं रिजेक्शन (नापास झालेला माल) आणि बाहेर होतात त्या तारखांचं रिजेक्शन वेगवेगळं काढून पाहा. हा हिशोब आजच करा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

आणि तुम्ही नसताना ९२ च्या जागी ७८. चौदा नग कमी, म्हणजे जवळपास तासभर. हा तास गप्पांत गेला असं मालकाला पटकन वाटतं. खात्री करायला प्रत्येक मशीनला एक वही दोरीने बांधा. मशीन ५ मिनिटांपेक्षा जास्त थांबलं की तीनच गोष्टी लिहायच्या : किती वाजता थांबलं, कशामुळे, किती मिनिटं. दोन आठवडे चालवा. नोंदीवरून कुणालाही एक शब्द बोलायचा नाही, हे आधीच सगळ्यांसमोर सांगा आणि पाळा. एकदा जरी कुणाला त्यावरून झापलं तरी वहीत खोटं लिहिलं जाईल.

अशा वह्यांत बहुतेक वेळा एकसारखंच सापडतं : इन्सर्ट संपलं आणि कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात. मटेरियल आलं पण उतरवून कुठे ठेवायचं ते ठाऊक नाही. ड्रॉइंगवरची एक मिती पुसट आहे, विचारायला कुणी नाही. पहिला जॉब पास करायचा अधिकार एकाच माणसाला आणि तो बाहेर. तुम्ही शेडमध्ये असता तेव्हा हे अडथळे तुम्ही जाता-येता सोडवता, म्हणून ते तुम्हाला दिसतच नाहीत. तुम्ही गेलात की ते तसेच पडून राहतात. सुपरवायझर ठेवूनही फरक पडला नाही तो यामुळेच. त्याच्याकडे नजर होती, किल्ली नव्हती.

किल्लीपासूनच सुरुवात करा. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला ४ धारा असतात. एका धारेवर साधारण ६० जॉब होत असतील, तर एका मशीनला एका पाळीत आठवड्याच्या ५५२ जॉबना (रोज ९२, सहा दिवस) १० धारा, म्हणजे ३ इन्सर्ट लागतील. सोमवारी प्रत्येक ऑपरेटरच्या डबीत ४ ठेवा. चारही धारा वापरलेलं जुनं द्यायचं, नवं घ्यायचं. महागाची वस्तू आहे, चोरीची भीती वाटते हे खरं, पण ४ इन्सर्टची किंमत आणि रोज तासभर थांबलेल्या मशीनची किंमत शेजारी-शेजारी मांडा.

दुसरी गोष्ट मोजण्याची. काम चांगलं चाललंय की बिघडतंय, हे ऑपरेटरला संध्याकाळी क्वालिटीवाल्याकडून कळत असेल तर त्याला कामात जीव ओतायला कारणच उरत नाही. समजा व्यास २५ मिलिमीटर आणि सूट, म्हणजे चालणारा फरक, ०.०२ अधिक-उणे. दर दहावा जॉब ऑपरेटरने स्वतः मायक्रोमीटरने मोजायचा आणि मशीनवरच्या कार्डावर लिहायचा : २५.००४, २५.००६, २५.००९, २५.०१२. टूल झिजत जातं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो, आणि कार्डावर ते डोळ्यांना दिसतं. २५.०१५ झालं की ऑफसेट द्यायचा, सेटरची (मशीन लावून देणाऱ्याची) वाट पाहायची नाही. एका वेळी ०.०२ पर्यंतची दुरुस्ती ऑपरेटरच्या हातात, त्यापुढे सेटर. दहावा जॉब चुकलाच तर मागचे नऊच वेगळे काढून चाळायचे, अख्खी पेटी नव्हे. आणि मोजण्याआधी जॉब पुसून थंड होऊ द्या. हाताला गरम लागणारा, २० अंशांनी जास्त तापलेला २५ मिलिमीटरचा पोलादी जॉब सुमारे ०.००६ ने मोठा भरतो. या एका कारणाने चांगल्या ऑपरेटरला बोलणी बसतात आणि त्याचं मन उडतं.

टोयोटाच्या कारखान्यांत ओळीवरच्या कुठल्याही कामगाराला अडचण दिसली की दोरी ओढायचा अधिकार असतो. दोरी ओढली की त्याचा टीम लीडर धावत येतो. अडचण ठरलेल्या टप्प्याच्या आत सुटली नाही तर ओळ थांबते. त्यात महत्त्वाचं काय, तर दोरी ओढणाऱ्याला कुणी "का थांबवलंस" असं विचारत नाही. तुमच्याकडे दोरी नको, पण चुकीचा माल दिसला तर मशीन बंद करणाऱ्याला शाबासकी मिळते, हे दोनदा तरी सगळ्यांसमोर दिसू द्या.

रिजेक्शनबद्दल पगारातून पैसे कापत असाल तर आजपासून थांबवा. कायद्यानेही दंडाला त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली आहे आणि माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय दंड करता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पैसे कापले जातात तिथे चुकलेला जॉब नापास मालाच्या लाल पेटीत जात नाही, चिप्सच्या ढिगाखाली जातो. मग चूक का झाली हे कधीच कळत नाही.

बक्षिसाची रक्कम द्यायची असेल तर ती पाळीतल्या सगळ्यांना मिळून, फक्त पास झालेल्या नगांवर आणि दर आठवड्याला द्या. पाया ८५ ठेवा, त्यावरच्या प्रत्येक चांगल्या नगाला ठरलेली रक्कम. मुलं ९० वर पोचली की पाया ९० करायचा मोह होईल. तो एकदा जरी केलात तरी पुढची दोन वर्षं कुणी ८५ च्या वर जाणार नाही, कारण जास्त काम केलं की दर उतरतो हे त्यांना कळलेलं असेल. मशीन किंवा पद्धत बदलल्याशिवाय पाया हलवायचा नाही, हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

मग बाहेर पडायची सवय करा, तीही टप्प्याटप्प्याने. पहिला आठवडा रोज ठरलेला एक तास, पुढचे दोन आठवडे अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. बाहेर असताना फोन एकदाच, दुपारी साडेतीनला, आणि त्यात दोनच प्रश्न : काही अडलंय का, माझ्याकडून काही हवंय का. सहा वेळा फोन करणारा मालक बाहेर असूनही शेडमध्येच उभा असतो.

प्रश्न : आम्ही सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकतो. चौदा बायका आपापल्या घरी भाकरी करतात, पीठ आम्ही देतो. मी घरोघरी फिरत राहिले तर माल चांगला येतो. आठवडाभर गेले नाही की कुणाची जाड, कुणाची करपलेली, कुणाची मधोमध मऊ. पाकिटात बुरशी आल्याच्या तक्रारी आल्या. किती फिरू?
— गृहउद्योजिका, सोलापूर

उत्तर : फिरणं बंद करा आणि माल घेण्याची जागा पक्की करा. घरी बसून केलेल्या कामावर नजर ठेवता येत नाही, ठेवूही नये. चुलीपाशी उभं राहिलेलं कुणालाच आवडत नाही. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण लिज्जतचं आहे. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. तिथल्या बहिणी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेतात, पापड लाटून वाळवून परत आणतात. ते पापड तिथेच वजन करून, तपासून घेतले जातात आणि लाटण्याची मजुरी मिळते. लाटणारी स्वतः संस्थेची मालकीण असते, नफ्यात तिचा वाटा असतो. नफ्याच्या वाट्याचं तुम्ही पुढे ठरवा, पण माल घेण्याची शिस्त उद्यापासून आणता येईल.

सगळ्यांत हात चांगला असलेल्या तिघींना एक दिवस बोलवा. प्रत्येकीला एक किलो पीठ तोलून द्या. किती भाकरी झाल्या ते मोजा आणि गार झाल्यावर दहा-दहाचं वजन घ्या. तिघींच्या आकड्यांवरून तुमचं माप ठरेल : एका किलोला इतक्या भाकरी, दहांचं वजन अमुक ते अमुक. माप त्यांच्याच हातून निघालं म्हणजे "हे कुणाला जमायचं?" असा प्रश्न उरत नाही. त्या मापाचं एक स्टीलचं कडं करून चौदा जणींना एकेक द्या. कड्यात बसते ती भाकरी बरोबर.

घेताना गठ्ठ्याच्या मधल्या दहा काढायच्या, वरच्या नव्हे. वजन जास्त भरलं तर दोनच कारणं : जाड थापली किंवा आत ओल राहिली. एक मधोमध मोडून पाहा. कटकन आवाज आला तर झाली, वाकून तुटली तर अजून ओल आहे. अशा भाकरीला बुरशी येणारच. कुरकुरीत भाकरीही गरम असताना पाकिटात भरली तर आत वाफ धरते, म्हणून बुरशीचा दोष सरसकट करणारीवर टाकू नका, आपलं पॅकिंगही तपासा.

पिठाचंही तसंच. ज्वारी जुनी असेल किंवा दळण पडून राहिलं असेल तर पिठाची विरी जाते, भाकरीला चिरा पडतात, थापताना तुटते. मग ती बाई नाइलाजाने जाड थापते. प्रत्येक पिशवीवर दळल्याची तारीख घाला आणि ज्या दिवशी तक्रारी जास्त, त्या दिवशीची तारीख पाहा. एकाच वेळी पाच जणींची भाकरी बिघडली तर दोष पिठात आहे, एकीचीच बिघडली तर तिच्याकडे.

वीस भाकऱ्यांमागे एक करपलेली किंवा तुटलेली बिनबोभाट मान्य करा, त्याचे पैसे कापू नका. त्याहून जास्त असतील तर तेवढ्याच परत द्या, तिच्यासमोर, कारण सांगून आणि आवाज न चढवता. ज्या भाकऱ्या घेतल्या त्यांचे पैसे तिथल्या तिथे हातात. पैसे पंधरा दिवसांनी आणि दोष मात्र लगेच, असं असेल तर कुणाचंही मन लागत नाही. प्रत्येकीच्या गठ्ठ्यावर तिच्या नावाची चिठ्ठी असू द्या, ती दुकानापर्यंत जाऊ द्या. "तुमच्या भाकरीला मागणी आहे" हे तिला गिऱ्हाइकाच्या तोंडून कळलं की ती स्वतःच जास्त बघून करते. आणि एखादीची भाकरी सलग तीनदा बिघडली तर तेव्हा मात्र तिच्या घरी जा. तवा बदललाय का, घरात आजारपण आहे का, गॅसऐवजी चूल आली का, हे विचारायला जा.

प्रश्न : फरसाणाचं दुकान आणि मागे भट्टी आहे. सोळा कॅमेरे लावले, मोबाइलवर पाहतो. तरी काउंटरवरची मुलं गिऱ्हाइकाशी तुटक बोलतात आणि आचारी तेल काळं होईपर्यंत ओढतो. कॅमेरे वाढवावे का?
— व्यावसायिक, सांगली

उत्तर : नको. कॅमेरा गल्ल्यावर आणि दारावर ठेवा, तो चोरीसाठी ठीक आहे. चांगलं बोलणं कॅमेऱ्याने येत नाही. उलट सतत पाहिलं जातंय हे कळलं की माणूस चूक होणार नाही एवढंच करतो, त्यापलीकडे काही करत नाही.

तेलाचं पाहू. नवं तेल काढायला आचाऱ्याला तुमची परवानगी लागते का? लागत असेल तर तो "कशाला बोलणी खा" म्हणून जुनंच ओढणार. तळणाच्या तेलातल्या टोटल पोलर कंपाउंडची (तेल तापून तापून खराब होतं तसे वाढणाऱ्या घटकांची) मर्यादा अन्नसुरक्षा नियमांनी २५ टक्के ठरवली आहे. ते मोजायचं मीटर बाजारात मिळतं. ते आचाऱ्याच्या हातात द्या आणि निर्णयही त्याच्याच हातात द्या : २२ ला सावध, २४ ला तेल बदल, कुणालाही न विचारता. कढईशेजारी पाटी ठेवा, तेल किती वाजता घातलं, किती वेळा भर घातली, शेवटचा आकडा किती. महिन्याभरात कुठल्या पदार्थाने तेल लवकर जातं हे तो तुम्हाला सांगायला लागेल. तळणातले कण वेळच्या वेळी गाळून काढले की तेल जास्त टिकतं, ही युक्तीही त्याच्याकडूनच येईल, कारण आता तेलाचा हिशोब त्याचा आहे.

काउंटरवरच्या मुलांना २०० रुपयांपर्यंतचा माल बदलून द्यायचा किंवा पैसे परत करायचा अधिकार द्या. फक्त वहीत कारण लिहायचं. "मालकांना विचारावं लागेल" हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलावं लागणारा मुलगा तुटकच बोलणार. आणि संध्याकाळी सहा ते आठ गर्दीच्या वेळी काउंटरवर किती जण असतात ते मोजा. दोघांच्या जागी तिसरा दिला की बोलणं आपोआप सुधारलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं.

प्रश्न : दिवाळीला बोनस देतो, तरी संक्रांतीपर्यंत उत्साह ओसरतो. मग द्यायचा कशाला?
— कारखानदार, जळगाव

उत्तर : द्यायचा, कारण तो त्यांचा हक्क आहे. कायद्यातला किमान ८.३३ टक्के म्हणजे बोनससाठी धरल्या जाणाऱ्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तो घरात आधीच मोजलेला असतो, मुलांच्या फीला, गावच्या घराच्या पत्र्याला. वेळेवर मिळाला नाही तर मन खट्टू होतं, मिळाला म्हणून मार्चमधलं काम सुधारत नाही. पगाराचंही तसंच : सात तारखेच्या आत झाला पाहिजे, ओव्हरटाइम कारखान्यात दुप्पट दराने मिळाला पाहिजे. हे चुकत असेल तर प्रोत्साहनाच्या बाकीच्या गोष्टी करूच नका, आधी हे नीट करा. कामाची गोडी मात्र त्याच आठवड्यात कळलेल्या निकालातून आणि थोड्या अधिकारातून येते. "या महिन्याचा उत्कृष्ट कामगार" असा फोटो लावायचा विचारही तुम्ही लिहिला आहे. नका लावू. एकाचा फोटो लागला की उरलेले मागे पडतात, आणि त्या एकालाही कँटीनमध्ये टोमणे ऐकावे लागतात.

प्रश्न : करसल्लागाराचं कार्यालय आहे, सहा मुलं घरून काम करतात. स्क्रीनचे फोटो घेणारं सॉफ्टवेअर टाकावं का?
— पुणे

उत्तर : त्याने माऊस हलतोय एवढंच कळेल. तुमच्याकडे तर तारखा ठरलेल्याच आहेत. दरमहा भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरण) अकरा तारखेला, ३बी (कर भरण्याचं विवरण) वीस तारखेला. तिथून मागे या : ग्राहकाची बिलं ४ तारखेपर्यंत, नोंदी ७ पर्यंत, तपासणी ९ पर्यंत. प्रत्येक ग्राहकामागे एकच नाव. दोघांवर टाकलेलं काम कुणाचंच नसतं. एक सामाईक तक्ता ठेवा आणि त्यात एक रकाना "कुणामुळे अडलंय" असा. चार तारखेला बिलं न देणाऱ्या ग्राहकाला फोन तुम्ही स्वतः करा, मुलांचे निम्मे उशीर तिथून सुरू होतात. किती तास बसला हे विचारू नका, तक्त्यात काय पुढे सरकलं ते पाहा.

प्रश्न : हा प्रश्न दुसऱ्या बाजूने आहे. मी बारा वर्षं विजेच्या पॅनलचं वायरिंग करतो. नवे साहेब सतत मागे उभे राहतात, त्यामुळे उलट चुका होतात. त्यांना कसं सांगू?
— वायरमन, नाशिक

उत्तर : तुमच्या कामाची त्यांना माहिती नाही, म्हणून ते मागे उभे राहत असतील. ती माहिती त्यांनी विचारण्याआधी त्यांच्याकडे पोचवून पाहा. सकाळी आल्यावर दोन वाक्यांत सांगा : "साहेब, आज पॅनलची कंट्रोल वायरिंग दुपारपर्यंत होईल, चार वाजता कंटिन्युइटी तपासून तुम्हाला बोलावतो." आणि चारला खरंच बोलवा, काम अर्धं असलं तरी. फेरूलचे (वायरच्या टोकावरच्या खुणेचे) नंबर ड्रॉइंगशी जुळवून प्रत्येक वायरवर ड्रॉइंगमध्येच हिरव्या पेनाने खूण करत जा आणि ते ड्रॉइंग पॅनलच्या दाराला लावून ठेवा. साहेब आले की खुणा पाहतील, तुमच्या हाताकडे पाहणार नाहीत. एखादी चूक झाली तर ती त्यांना तुमच्याकडूनच आधी कळू द्या. असं पंधरा-वीस दिवस करा. तरीही फरक पडला नाही, तर एकटे असताना नम्रपणे सांगा, "मेन टर्मिनल घट्ट करताना आणि टेस्टिंगच्या वेळी माझं लक्ष कामात हवं, तेवढा वेळ मला एकटं सोडा, झालं की लगेच दाखवतो." नुसतं "मागे उभे राहू नका" म्हणाल तर त्यांना अपमान वाटेल. नेमकी वेळ आणि नेमकं काम सांगितलं तर ऐकणं सोपं जातं.